रेडा की कुलूप

मिलिंद,

शेवटच्या सोमवारी मी तुझं म्हणणं मान्य केलं, ते खोटं होतं. तू पलंगावर उशांना टेकून बसला होतास. समोर मॅच चालू होती, आवाज बंद. तू म्हणालास, "शिरीष, आता तरी कबूल कर. कुलूपच सगळ्यात मोठा." आणि मी म्हणालो, "हो बाबा, कुलूपच." त्यावर तू जो चेहरा केलास तो अजून डोळ्यांसमोर आहे. "आजारी आहे म्हणून वॉकओव्हर देऊन राहिला का मला?" असं म्हणालास, रिमोट उशीखाली सरकवलास आणि तोंड पडद्याकडे फिरवलंस. त्यानंतर चार दिवसांनी तू गेलास. म्हणून आधी हे दुरुस्त करून टाकतो. माझ्या मते रेडाच सगळ्यात मोठा. तू नाहीस म्हणून मी मत बदलेन अशी आशा ठेवू नकोस.

हे तुझ्या घरातली माणसंही वाचतील, म्हणून जरा उलगडून लिहितो. अमेरिकन फुटबॉलमध्ये एक चेंडू फेकणारा असतो आणि सगळा खेळ त्याच्याभोवती फिरतो. बचाव करणाऱ्यांचं काम दोनच प्रकारचं. एक तर त्याला फेकू द्यायचं नाही, नाहीतर फेकलेला झेलू द्यायचा नाही. आपण दोघांनी या बचाववाल्यांची खरी नावं कधी वापरली नाहीत. ती आपल्या जिभेला वळत नव्हती, आणि ती वळायला लागली तोवर आपली ठेवलेली नावं रुळून गेली होती. समोरची रांग फोडून फेकणाऱ्याला आडवा करणारा तो रेडा. मधोमध उभा राहून कोण कुठून कुठे चाललंय याची नोंद ठेवणारा तो तलाठी. सगळ्यात मागे उभी राहून शेवटच्या क्षणी धावत येऊन सगळ्यांना फटकावणारी ती आत्या. आणि पार कडेला, झेलणाऱ्याच्या अंगाला चिकटून पळणारा, ज्याच्या बाजूला चेंडू टाकायची कुणाची छाती होत नाही, तो कुलूप.

बारा वर्षं आपण एवढ्यावरच भांडलो. ते भांडण अर्धं राहिलं याचं मला दुःख आहे, पण ते सोसण्यासारखं आहे. जे सोसत नव्हतं ते वेगळंच. तू गेल्यावर चौथ्या दिवशी प्रज्ञाचा फोन आला.

"शिरीषकाका, सॅटर्डेला बाबांसाठी तुम्ही बोलाल ना? प्लीज. आणि ती दिवाळीची स्टोरी सांगा. यू नो, तुम्ही त्या माणसाला कसं झापलंत ती. बाबांची फेव्हरिट होती ती. ही टोल्ड इट हीप्स ऑफ टाइम्स."

मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. माझ्या बायकोने, मेधाने विचारलं काय झालं, तर तिलाही सांगता येईना. कारण मी त्या दिवशी कुणालाही झापलं नव्हतं, मिलिंद. मी एक शब्द बोललो नव्हतो. हे मला माहीत होतं आणि तुला माहीत होतं. तू आठ वर्षं स्वतःच्या मुलीला माझ्याबद्दल भलतंच सांगत होतास हे मात्र मला त्या फोनवर कळलं. आणि आता शनिवारी भरल्या हॉलमध्ये मी ते खरं म्हणून सांगावं अशी तिची इच्छा होती.

क्रमाने सांगतो, नाहीतर माझाच गोंधळ होईल.

आपण भेटलो ते इथल्या अवोन्डेल उपनगराच्या रविवारच्या बाजारात, मेथीच्या शेवटच्या दोन जुड्यांवरून. दोन्ही मी उचलल्या होत्या. तू मागून म्हणालास, "एक ठेवा की भाऊ, आम्ही पण माणसंच आहोत." मी एक दिली. तिथेच उभ्या उभ्या कळलं की तू नागपूरचा, मी पुण्याचा, तू हॉस्पिटलात फार्मसिस्ट, मी ईस्ट टामाकीला पॅकेजिंगच्या कारखान्यात क्वालिटीत. तुझी रविवारची ड्युटी दुपारनंतर, म्हणून तुला सोमवारी सुट्टी. माझं आठवड्याचं काम चार लांब दिवसांत बसवलेलं, म्हणून मलाही सोमवारी सुट्टी. बायका कामावर, मुलं शाळेत, आणि आपण दोन बाप्ये मोकळे. तू म्हणालास, "या उद्या सकाळी, पोहे करतो." नागपूरचे पोहे, वर तर्री. मी आलो तो बारा वर्षं येतच राहिलो.

सोमवारी सकाळी टीव्हीवर दुसरं काही लागायचंच नाही, हे या खेळाच्या नादी लागण्याचं खरं कारण. अमेरिकेत तेव्हा रविवारची दुपार असते. इंटरनेटबरोबर फुकट आलेल्या स्पोर्ट्स चॅनेलवर हे हेल्मेटवाले दिसले. मी म्हणालो, "हे काय खेळ खेळतात? चार सेकंद पळतात आणि मग मीटिंग भरवतात." तू म्हणालास, "थांब ना. मीटिंगमध्येच तर खेळ आहे." तुझी सुजाता आपल्याला हसायची, रग्बीच्या देशात येऊन हेल्मेटवाल्यांचा नाद लागलाय म्हणून. माझ्या कारखान्यातला टोंगन सुपरवायझर अजून मला विचारतो, "ब्रो, स्टिल वॉचिंग द पिलो फाइट?" आपल्याला फरक पडत नव्हता. दोन क्रिकेटवर वाढलेल्या माणसांना हा खेळ बरोबर कळला, कारण यातही एक जण टाकतो आणि बाकीचे वाट बघतात. फेकणारा आडवा झाला की आपण दोघं "विकेट!" म्हणून ओरडायचो.

मग यादीची प्रथा सुरू झाली. फेब्रुवारीत अंतिम सामना असेल त्या सोमवारी दोघांनी आपापले सर्वकाळचे पाच मोठे बचाववाले कागदावर लिहून तुमच्या फ्रिजवर लावायचे. वर्षभर त्यात खाडाखोड करायची नाही. भांडायचं मात्र वर्षभर. सुजाता संध्याकाळी येऊन दोन्ही याद्या मोठ्याने वाचायची आणि म्हणायची, "यातलं एक तरी माणूस भाजी आणून देईल का?"

पहिल्या दोन वर्षांच्या याद्या आपण फाडल्या, ते आठवतं? असा गाढवपणा आपणच करू जाणे. सकाळच्या मॅचला मुलांना शाळेत सोडायच्या गडबडीत आपल्याला उशीर व्हायचा, म्हणून आपण चॅनेलवर नंतर लागणारी मॅच बघायचो. ती तासाभरात संपायची. आपल्याला वाटलं, खेळच तेवढा आहे. दोन वर्षं आपण त्याच्या जिवावर कोण मोठा आणि कोण लहान ठरवत होतो. मग तुझ्या हॉस्पिटलात ओहायोची एक नर्स आली. ती तुला म्हणाली, तीन तासांची असते रे मॅच. तू त्या सोमवारी दारातूनच ओरडलास, "शिरीष, आपण गाळीव बघून राहिलो होतो!" ज्या फेकीत काहीच घडलं नाही ती प्रत्येक फेक त्यांनी कापून टाकली होती. म्हणजे ज्या ज्या वेळी फेकणाऱ्याने कुलपाकडे बघितलं आणि हिंमत न झाल्यामुळे चेंडू दुसरीकडे टाकला, ते काहीच आपल्याला दिसलं नव्हतं. तू दोन्ही याद्या फ्रिजवरून काढल्यास आणि केराच्या बादलीत टाकल्यास. त्या क्षणापासून तू कुलपाचा माणूस झालास.

पुढे तू प्रशिक्षकांना दाखवतात ती फिल्म मिळवलीस. मैदानाच्या उंचावरून घेतलेली, बावीसच्या बावीस खेळाडू एका वेळी दिसणारी. साधा कॅमेरा चेंडूच्या मागे धावतो, त्यामुळे कुलूप चौकटीच्या बाहेरच राहतो हा तुझा शोध. तू पडद्याला बोट लावून बसायचास. "तू चेंडू बघू नको. याला बघ. बघ, हा काय करून राहिला. याने त्याला तीन पावलं आत ढकलला. फेकणाऱ्याने बघितलं, नको म्हणाला, तिकडे टाकला. झालं. याच्या नावापुढे काय लागलं? काही नाही." मी म्हणायचो, बोट काढ, काचेला तर्रीचे डाग पडतात.

माझा मुद्दा साधा होता आणि अजून आहे. मी क्वालिटीतला माणूस, मला पुरावा लागतो. रेड्याने फेकणाऱ्याला आडवा केला, हे दिसतं, मोजता येतं. कुलपाच्या बाजूला चेंडू आला नाही याची शंभर कारणं असू शकतात. त्या बाजूचा पळणारा आज ढिला असेल. फेकणाऱ्याचा खांदा दुखत असेल. न घडलेल्या गोष्टीचं श्रेय कुणाला द्यायचं हे कसं ठरवणार? तू म्हणायचास, "म्हणजे निर्धाव षटकं टाकणारा बॉलर तुझ्या हिशेबी बेकार?" मी म्हणायचो, निर्धाव टाक, पण कधीतरी दांडी उडव.

तुझा सगळ्यात पक्का मुद्दा मात्र मला कधी तोडता आला नाही. तू म्हणालास, "तुझ्या रेड्याला पोचायला तीन सेकंद लागतात. त्या तीन सेकंदांत फेकणाऱ्याला मोकळा माणूस का नाही सापडत? कारण कुलपाने त्याला अडवून धरलाय. अर्धी विकेट माझी." मी उलट म्हणालो की रेडा अंगावर येतोय म्हणून घाईत वाकडा फेकतात, तेव्हा तुझ्या कुलपाला आयता झेल मिळतो, त्यातला अर्धा माझा. तू घास गिळलास आणि म्हणालास, "हे बरोबर आहे." तुझं हेच मला चिडवायचं. तू समोरच्याचं बरोबर असलं तर लगेच मान्य करायचास. त्यामुळे भांडणात तुझ्यावर रागही धरता येत नसे.

तुझ्या कामाबद्दल तू एकदाच काय ते बोललास. मी विचारलं होतं, दिवसभर नेमकं करतोस काय? "डॉक्टरने लिहिलेलं वाचतो. एखादा आकडा चुकला असला तर फोन करतो. तो म्हणतो सॉरी, दुरुस्त करतो. पेशंटला कधी कळत नाही की काही होणार होतं." मी म्हणालो, मग तुला कुणी थँक यू म्हणत नाही? तू हसलास. "कशासाठी म्हणणार? काही झालंच नाही ना." कुलपावर तुझा इतका जीव का, ते मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी त्यावरही चेष्टाच केली.

आता ती दिवाळी.

आठ वर्षं झाली. पलीकडच्या उपनगरात एकांकडे रविवारी सकाळी फराळाला बोलावणं होतं, वीसेक माणसं. तू येत नव्हतास. "आम्ही दिवाळी करत नाही, आणि तिथे मी कुणाला ओळखत नाही," म्हणालास. मी ऐकलं नाही. मीच ओढून नेलं तुला, सुजाताला, अकरा वर्षांच्या प्रज्ञाला. मला माझ्या मित्राला सगळ्यांना दाखवायचं होतं. हॉलमध्ये आपण पाच-सहा पुरुष गोलाने उभे होतो, हातात प्लेटी. तिथे एका गृहस्थाने तुला आडनाव विचारलं. तू सांगितलंस. गाव विचारलं. सांगितलंस. मग तो हसत हसत म्हणाला, "अरे वा. पण इकडे तर कोटा नाही. मग इथे कसं काय जमवलंत?"

एक-दोघं हसले. तू त्याच्याकडे शांतपणे बघितलंस आणि म्हणालास, "परीक्षा देऊन. दोनदा दिली. पहिल्यांदा इंग्रजीत अर्धा मार्क कमी पडला."

मग तू माझ्याकडे बघितलंस. फार नाही, क्षणभर. मी प्लेटीत बघत होतो. एक चकली उचलली आणि खाल्ली. आणि मिलिंद, हे मी तू असेपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं, मी हसलोही होतो. मोठ्याने नाही. ओठ हलवण्यापुरतं, सगळे हसतायत तर आपलं तोंड वेगळं दिसू नये एवढ्यापुरतं.

मी तसा भांडखोर माणूस आहे. पार्किंगवरून भांडलोय, शाळेच्या हेडमास्तरांशी भांडलोय, तुझ्याशी तर रेड्यावरून घसा बसेपर्यंत भांडलोय. धावून जाणारा, समोरच्याला आडवा करणारा तो खरा, असं छातीठोकपणे म्हणणारा मी. आणि जिथे दोन पावलं पुढे टाकायची होती तिथे चकली खात उभा राहिलो. घाबरण्यासारखं तिथे काय होतं, तेही मला सांगता येत नाही. पुन्हा बोलावणार नाहीत, एवढंच असेल.

तुम्ही पंधरा मिनिटांत निघालात. तू यजमानांचे आभार मानलेस, सुजाताने रिकामी वाटी परत दिली, प्रज्ञा "व्हाय आर वी गोइंग?" विचारत होती. मी दारापर्यंत आलो. तू म्हणालास, "डोकं दुखतंय जरा. भेटू."

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. येऊ की नको या विचारात मी किल्ली हातात घेऊन बसलो होतो, तर तुझा मेसेज आला. "येताना कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध आण. संपलंय." मी दूध घेऊन आलो. पोहे नेहमीसारखे. मध्यंतरात मी "काल जे..." एवढं म्हणालो, आणि तू पडद्यावर बोट ठेवलंस. "आता इकडे बघ. हा बघ." मी बघितलं. मला सुटल्यासारखं वाटलं, मिलिंद. अपराधी तर वाटलंच, पण आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या गोष्टीची लाज मला मूळ गोष्टीपेक्षा जास्त आहे. मग आठवडे गेले, वर्षं गेली. तू कधी विषय काढला नाहीस. मी ठरवलं की तू विसरलास. कारण तसं ठरवणं सोयीचं होतं.

यंदा जुलैत तुला आजाराचं कळलं. तू फार्मसिस्ट, तुला डॉक्टरांआधी कळलं असणार. चार महिने आपण सगळे सोमवार पाळले. तुझा आवाज बारीक होत गेला, पण पाचव्या जागेवर तलाठी की आत्या यावर तू मला दर आठवड्याला घोळात घेत होतास. मी मनात दर सोमवारी ठरवून यायचो की आज माफी मागायची. आणि दर सोमवारी वाटायचं की आजारी माणसाजवळ आता हे कशाला उकरायचं. शेवटी माफीच्या जागी मी तुला कुलूप देऊन टाकलं. तू ते परत केलंस. बरोबरच केलंस.

तर प्रज्ञाचा फोन. मी दोन दिवस भाषण लिहायला बसत होतो. एकदा तर लिहिलंही. "मी त्या गृहस्थांना म्हणालो..." आणि पुढे छान, खणखणीत वाक्यं सुचत गेली, आठ वर्षं उशिरा सुचलेली. वाचायला बरी वाटत होती. कुणी पकडलंही नसतं, तो गृहस्थ आता ऑस्ट्रेलियात असतो. तुझाच दुजोरा होता माझ्याकडे. मेधाने कागद वाचला आणि म्हणाली, "तू असं बोलला होतास? मी नव्हते का तिथे?" मी म्हणालो, नाही बोललो. ती म्हणाली, "मग?" आणि कागद टेबलावर ठेवून कामाला गेली.

गुरुवारी मी तुमच्याकडे गेलो. सुजाता आणि प्रज्ञा दोघी जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या, समोर हॉल ठरवण्याचे कागद, यादी, पांढऱ्या फुलांचं काहीतरी. मी उभ्यानेच सांगितलं. मी काही बोललो नव्हतो, प्रज्ञा. तुझा बाबा बोलला, मी गप्प होतो. हसलो होतो, तेही सांगितलं.

प्रज्ञाने हातातलं पेन खाली ठेवलं. "सो ही मेड इट अप?"

"हो."

"बट व्हाय? व्हाय वुड ही डू दॅट?"

सुजाता म्हणाली, "मी शेजारी स्वयंपाकघरात होते, शिरीषभावजी. सगळं ऐकलं मी. तुमचं काही ऐकू आलं नाही तेही ऐकलं." ती हे अजिबात न चिडता म्हणाली. "गाडीत हिने विचारलं, त्या अंकलने बाबाला काय म्हटलं, आणि शिरीषकाका काय म्हणाले? तर मिलिंद म्हणाला, काकांनी चांगलं झापलं त्याला. मी त्याच्याकडे बघतच राहिले. घरी आल्यावर विचारलं, खोटं का सांगितलंस पोरीला? तर म्हणतो, उद्या सोमवार आहे. शिरीष येईल. सकाळी दार तीच उघडते ना."

प्रज्ञा उठली आणि आत गेली. खोलीचं दार तिने आपटलं नाही, नुसतं लावलं. सुजाताने टेबलावरचे कागद गोळा केले. मग ती म्हणाली, "चहा टाकते," आणि तिला चहा टाकताना बघून मला जे रडू आलं ते तुझ्या अंत्ययात्रेला आलं नव्हतं.

शनिवारी हॉलमध्ये पुण्यानुमोदनाला शंभरेक माणसं होती, सगळी पांढऱ्या कपड्यांत. त्रिशरण-पंचशील झालं. तुझ्या फोटोसमोर मेणबत्त्या लागल्या. तुझ्या फार्मसीतली माणसं आली होती. त्यातला एक म्हातारा सहकारी "किया ओरा" असा माओरी नमस्कार करून उभा राहिला आणि चुकलेल्या आकड्यांसाठी तू किती वेळा डॉक्टरांना फोन लावलास ते सांगत राहिला. मग मला बोलावलं. मी आधी सगळ्यांना जयभीम म्हणालो. इतकी वर्षं तू दारात जयभीम म्हणायचास आणि मी "हाय" म्हणायचो, आणि तू तेही चालवून घेतलंस. मग मी ती दिवाळीची गोष्ट सांगितली. जशी घडली तशी. चकलीसकट. तुझ्या नागपूरच्या मित्रांच्या डोळ्यांत डोळे घालून सांगता आलं नाही, खाली बघून सांगितलं, पण सांगितलं. शेवटी म्हणालो, मिलिंदने माझ्याबद्दल जे सांगितलं ते खरं नाही, मिलिंदबद्दल आज इथे जे जे सांगितलं गेलं ते सगळं खरं आहे. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. प्रज्ञा पहिल्या रांगेत होती. तिने पूर्ण वेळ जमिनीकडे बघितलं. जेवणाच्या वेळी ती माझ्याजवळ आली नाही, मीही गेलो नाही.

तुझे आभार मानायचे की तुझ्याशी भांडायचं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. राग असा आहे की तू मला विचारलं असतंस, झापलं असतंस, तर मी तेव्हाच मोकळा झालो असतो. तू मला आठ वर्षं सांभाळलंस आणि मला पत्ताही लागू दिला नाहीस. आणि आभार यासाठी की त्या आठ वर्षांत तुझी लेक मला बघून आनंदाने "काका!" म्हणायची, आणि मी समजत होतो ते माझं मीच कमावलंय.

काल सोमवार. मी उठलो तेव्हा सात वाजत होते. जायचं कारण काही नव्हतं. सुजाताला मी कळवलंही नव्हतं. तरी अंघोळ केली, गाडी काढली, तुमच्या दारात येऊन उभा राहिलो. बेल वाजवली. बराच वेळ कुणी आलं नाही. दुसऱ्यांदा वाजवायचा धीर झाला नाही. मी दोन पायऱ्या उतरलो, तेवढ्यात मागे कडी वाजली.

प्रज्ञा होती. नाइटड्रेसमध्ये, पायात तुझ्या जुन्या रबरी चपला, डोळे सुजलेले. ती बाजूला झाली नाही. दारातच उभी राहिली.

"आय अ‍ॅम स्टिल रिअली मॅड अ‍ॅट यू, काका."

"असायलाच हवीस."

"फॉर अ लाँग टाइम."

"हो."

मग दार पूर्ण उघडून ती आत वळली, आणि जाता जाता म्हणाली, "शूज बाहेर काढा. आई झोपलीये."